किती तासांचं फ्लाइट आहे?

"अगं उठ, हा वर कुठे निघालाय?"

आत्याने क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकाने माझा दंड ढोसला तेव्हा लंडन सोडून तीनेक तास झाले होते आणि मला नुकता कुठे डोळा लागला होता. तिच्या समोरच्या स्क्रीनवर ते छोटं पांढरं विमान नकाशात वर वर सरकत पार ग्रीनलँडला टेकायला आलेलं, आणि आम्हाला जिथे जायचं होतं ते सॅन फ्रान्सिस्को खाली डाव्या कोपऱ्यात. आत्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणे, आपल्याला असं खाली जायचंय ना, मग हा बर्फात काय शोधतोय, रस्ता चुकलाय का, कुणाला तरी सांगायला हवं.

मी आधी झोपेतच "तसंच असतं" म्हटलं. पण "तसंच असतं" हे उत्तर आत्याला आयुष्यात कधी पटलेलं नाही, त्यामुळे उठावं लागलं.

तिच्या मांडीवर लोकरीचा गुंडा होता, चांगला गोल आणि घट्ट गुंडाळलेला, आणि टाके लक्षात ठेवायला ती ज्या रंगीत पिना वापरते त्याही होत्या. मी एक पिन गुंड्याच्या उजवीकडे, विषुववृत्त आणि वरचं टोक यांच्या साधारण मधोमध खोचली, हे लंडन. दुसरी डावीकडे, वळसा घालून एक तृतीयांश गोल पलीकडे आणि जरा खाली, हे सॅन फ्रान्सिस्को. मग लोकरीचं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, आता या पिनेपासून त्या पिनेपर्यंत धागा ताणून धर, अगदी घट्ट. तिने आधी मुद्दाम तो आडवा, खालून, तिच्या मनातल्या रस्त्याने धरला. ताण दिल्याबरोबर धागा सटकला आणि वर सरकून गुंड्याच्या डोक्याजवळून गेला. तिने परत खाली ओढून बघितला, परत सटकला. तिसऱ्यांदा तिने मान डोलावली आणि म्हणाली, "म्हणजे नकाशा खोटा आहे." मला वाटतं शाळेत भूगोलाच्या तासाला जे चाळीस मिनिटांत कळलं नव्हतं ते तिने तीन वेळा धागा ओढून काढलं.

नकाशा अगदी खोटा नाही, सपाट आहे एवढंच. आपल्या डोक्यात जो जगाचा नकाशा बसलाय तो बहुतेक वेळा मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा असतो, १५६९ सालचा, जहाजवाल्यांसाठी केलेला, त्यात होकायंत्राची दिशा धरून जायची रेघ सरळ दिसते आणि त्यासाठी ध्रुवांकडचा सगळा भाग ताणून मोठा केलेला असतो. म्हणून त्यात ग्रीनलँड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता या नकाशावर काढला की तो वाकडा, कमानीसारखा दिसतो, आणि आपल्याला वाटतं पायलट फिरवून नेतोय. या रस्त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, म्हणजे पृथ्वीचे बरोब्बर दोन समान अर्धे करेल अशा वर्तुळाचा तुकडा. लंडन ते सॅन फ्रान्सिस्को हा तुकडा ६५ अंश उत्तरेच्या जवळपास चढतो, ग्रीनलँडची राजधानी नूक तिच्या आसपासून. आत्याचं विमान अगदी बरोबर चाललं होतं.

याहून भारी उदाहरण न्यूयॉर्क आणि माद्रिदचं आहे. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर, चाळीसच्या जरा वर. म्हणजे नकाशावर आडवी पट्टी ठेवली की झालं, नाक पूर्वेकडे करून सरळ जा. पण तसं अक्षांश धरून गेलात तर साधारण ५,९४० किमी होतात, आणि ग्रेट सर्कलने, म्हणजे आधी ईशान्येकडे निघून ४६ अंशांच्या वर चढून परत खाली उतरलात, तर ५,७६० च्या आसपास. वळसा वाटणारा रस्ता पावणेदोनशे किलोमीटरने जवळचा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा गणित चुकलं असणार म्हणून दोनदा परत केलं.

तर हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात आतेभावाने मेसेज टाकला, "अमुक ते तमुक किती तासांचं फ्लाइट आहे गं, मी तीन साइट बघितल्या, तिन्हीवर वेगळं आहे." मी त्याला उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच लिहू.

आधी अंतर. दोन एअरपोर्टमधलं अंतर सांगणाऱ्या साइट काय करतात तर प्रत्येक एअरपोर्टचा एक ठरलेला संदर्भबिंदू असतो, साधारण सगळ्या रनवेंच्या मिळून मध्यावर येणारा, त्याचे अक्षांश-रेखांश घेतात आणि दोन बिंदूंमधलं ग्रेट सर्कल अंतर काढतात. पृथ्वी गोल धरली तर सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी टाकून हॅवरसाइन नावाचं सूत्र लावायचं, ते कुणीही स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत बसवू शकतं. पण पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवांची ६,३५७, म्हणून काटेकोर साइट चपट्या गोलाचं सूत्र लावतात. दोन पद्धतींत फरक पडतो तो फार तर अर्धा टक्का. त्यामुळे एका साइटवर ८,६१५ आणि दुसरीवर ८,६३० असं दिसलं तर डोकं खाजवत बसू नका. त्यात पुन्हा कुणी किलोमीटर लिहितं, कुणी मैल, आणि कुणी नॉटिकल मैल, जो १,८५२ मीटरचा असतो, जमिनीवरचा मैल १,६०९ मीटरचा. आकड्याकडे बघायच्या आधी एककाकडे बघायचं, ही सवय मला उशिरा लागली.

कुणीतरी विचारतंच की विमान तर अकरा किलोमीटर वरून जातं, मग वरचं वर्तुळ मोठं नाही का झालं. झालं की. पण ६,३७१ च्या पुढे ११ म्हणजे ०.१७ टक्के, साडेपाच हजार किलोमीटरच्या प्रवासात नऊ-साडेनऊ किलोमीटर. सोडून द्या.

सोडून न द्यायची गोष्ट म्हणजे एअरपोर्टचं नाव. इथे मी स्वतः आपटलेय. सॅन होजेला जायचं होतं, कॅलिफोर्नियातल्या. लंडनपासूनचं अंतर बघितलं, साडेआठ हजार आणि वर काहीतरी, म्हटलं बरोबर, सॅन फ्रान्सिस्को शेजारीच आहे, तेवढंच असणार. पुढचं सगळं प्लॅनिंग त्या पानावर केलं, स्थानिक वेळ, पोचायची वेळ, सगळं. दोन दिवसांनी लक्षात आलं की मी बघत होते ते सॅन होजे कोस्टा रिकाचं, कारण स्पेलिंग तेच. आणि गंमत म्हणजे लंडनपासून दोन्हींचं अंतर जवळपास सारखं आहे, जेमतेम शंभर किलोमीटरचा फरक. दोन वेगळे देश, मध्ये अख्खा मेक्सिको, आणि आकडा बघून शंका यायला काही वावच नाही. तिकीट काढलं नव्हतं म्हणून वाचले. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालेले प्रवासी कॅनडातल्या सिडनीला जाऊन पोचल्याच्या खऱ्या घटना आहेत, त्यांच्यावर मी पूर्वी हसायचे, आता हसत नाही. तेव्हापासून शहराचं नाव नाही, तीन अक्षरी कोड टाकते. कॅलिफोर्नियाचं एसजेसी, कोस्टा रिकाचं एसजेओ. आणि लंडनसारख्या शहरात तर पाच-सहा एअरपोर्ट, त्यामुळे "लंडनपासून अंतर" हा प्रश्नच अर्धवट.

बरं, अंतर कळलं. पण विमान त्या रेषेवरून जातं का? जवळपास कधीच नाही. उडताना रनवे ज्या दिशेला असेल त्या दिशेला उडायचं, मग ठरवून दिलेल्या वाटेने एअरपोर्टच्या गर्दीतून बाहेर पडायचं, पुढे पाच अक्षरी नावांचे आकाशातले बिंदू जोडत जायचं, उतरतानाही तसंच. अटलांटिकवर तर दिवसातून दोनदा वाऱ्याचा अंदाज बघून समांतर ट्रॅक आखले जातात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी, आणि ते रोज वेगळे असतात. म्हणजे काल गेलेलं विमान आणि आज गेलेलं विमान यांचा रस्ता एक असेलच असं नाही. तिबेटच्या पठारावरून फारशी विमानं का जात नाहीत तर केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या आसपास. खाली यायला जागाच नाही. दोन इंजिनांच्या विमानाला तर एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत पोचता येईल असा एअरपोर्ट जवळ ठेवत जावं लागतं, मोठ्या समुद्रांवरच्या रेषा त्यामुळेही वाकतात.

आणि राजकारण. हेलसिंकी ते टोकियो ग्रेट सर्कलने सात हजार आठशेच्या आसपास किलोमीटर, रशियावरून, साडेनऊ तासांत व्हायचं. २०२२ च्या फेब्रुवारीनंतर रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं आणि तेच फ्लाइट तेरा तासांच्या आसपास गेलं, कधी उत्तर ध्रुवावरून, कधी दक्षिणेकडून वळसा. दोन एअरपोर्ट तिथेच, पृथ्वी तेवढीच, साइटवरचा अंतराचा आकडा एका मीटरने बदललेला नाही, आणि प्रवास साडेतीन तासांनी वाढला. यातला मला आवडलेला भाग असा की फिनलंडच्या फिनएअर कंपनीने १९८३ साली हेलसिंकी-टोकियो नॉनस्टॉप सुरू केलं तेव्हाही सोव्हिएत आकाश मिळत नव्हतं म्हणून विमान उत्तर ध्रुवावरूनच नेलं होतं. चाळीस वर्षांनी परत तीच वाट.

आता वेळ. साइटवर जे "फ्लाइट टाइम" दिसतं ते बहुतेक वेळा असं काढलेलं असतं, अंतराला साडेआठशेने भागायचं आणि अर्धा तास वर घालायचा. बस. विमान कुठलं, वारा कुठला, काही नाही. आणि खरं सांगायचं तर अंदाजासाठी हे वाईट नाही. न्यूयॉर्क ते लंडन ५,५५० किमी, भागिले ८५० म्हणजे साडेसहा तास, अधिक अर्धा, सात. ठीक आहे. हा वरचा अर्धा तास का, तर विमान पूर्ण वेगात असतं ते फक्त मधल्या टप्प्यात. उडाल्यावर वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, बऱ्याच देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची म्हणजे तासाला साधारण ४६० किलोमीटरची मर्यादा असते, आणि उतरायला सुरुवात साधारण दोनशे किलोमीटर आधीच होते. म्हणूनच चारशे-पाचशे किलोमीटरच्या फ्लाइटला तास लागतो आणि त्याच्या दुप्पट अंतराला दोन तास लागत नाहीत. छोट्या फ्लाइटमध्ये विमान वर पोचतं, जरा बसतं आणि खाली निघतं.

तिकिटावरची वेळ मात्र वेगळीच. ती गेट ते गेट असते. एअरलाइनवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान गेटवरून हललं तेव्हापासून ते दुसऱ्या टोकाला गेटवर थांबून परत ठोकळे लागेपर्यंत. म्हणजे रनवेपर्यंत रांगत जाणं, तिथे आपल्या आधी आठ विमानं असतील तर थांबणं, उतरल्यावर परत रांगत गेटपर्यंत येणं, सगळं यात. ॲमस्टरडॅमच्या स्किपोलला पोल्डरबान नावाचा रनवे आहे, तो टर्मिनलपासून इतका लांब आहे की उतरल्यावर पंधरा मिनिटं विमान नुसतं चालतंच, मध्ये हायवेवरच्या पुलावरून जातं, खिडकीतून खाली गाड्या दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं आता रस्त्यानेच नेणार.

आणि एअरलाइन या वेळेत वरून थोडी जास्तीची वेळही घालतात, कारण पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर "वेळेवर" असं मोजायची पद्धत आहे. त्यामुळे "आपण वीस मिनिटं लवकर पोचलो" अशी घोषणा झाली की मी टाळ्या वाजवत नाही. तो उशीर आधीच खिशात घालून निघालेले असतात.

याच्यावरून आमची एक फजिती. त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रिपनंतर पुढच्याच वर्षी, कुठल्या एअरपोर्टवर ते नको सांगायला, आमचं विमान पंचवीस मिनिटं लवकर उतरलं. चाकं टेकल्याबरोबर आत्याने आतेभावाला फोन लावला, "पोचलो रे, दारात ये." तो बिचारा पार्किंगमधून गाडी काढून दाराशी. आणि आम्ही? आमच्या गेटवर दुसरं विमान उभं होतं, त्याला निघायला उशीर, त्यामुळे आम्ही टॅक्सीवेवर एका कोपऱ्यात इंजिनं घरघरवत बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. सीटबेल्टचा दिवा चालू, उठायचं नाही. तोपर्यंत त्याला दारासमोर उभं राहू देईनात, तो फेऱ्या मारतोय आणि दर फेरीला फोन. पस्तीस मिनिटांनी गेट मिळालं. पुढे इमिग्रेशनची रांग, बॅगांचा पट्टा. आत्या म्हणाली, "उतरलो म्हणजे पोचलो असं नसतं तर." आतेभाऊ अजून त्या दिवसाचा विषय काढतो.

पण सगळ्यात मोठा घोळ घालतो तो वारा, आणि इथे जरा रेंगाळणार आहे मी, कारण मला यातच सगळ्यात जास्त मजा येते.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवांकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे हवा वाहायला लागते आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती पूर्वेकडे वळते. हिवाळ्यात फरक जास्त म्हणून वारा जास्त, तासाला दोनशे किलोमीटर वगैरे तर सहज. हे वारे सगळ्यात आधी पद्धतशीर मोजले ते वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञाने, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. त्याने ते जगाला कळावं म्हणून १९२६ साली एस्परांटो या मुद्दाम तयार केलेल्या कृत्रिम भाषेत छापलं. एस्परांटोत! अर्थात फारसं कुणी वाचलं नाही.

या वाऱ्यामुळे लंडन-न्यूयॉर्क जाताना आणि येताना सरळ तासाभराचा फरक पडतो. ९ फेब्रुवारी २०२० ला, कियारा वादळाच्या वेळी, ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं, जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग एका क्षणी तासाला १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर आवाजाचा वेग साधारण १,०६० असतो, मग विमानाने आवाजाची भिंत तोडली का? नाही. भोवतालच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने, नऊशेच्या आसपास चाललं होतं, हवाच पळत होती. सरकत्या जिन्यावर चालल्यासारखं. खरंखुरं आवाजाच्या पुढे जाणारं काँकॉर्ड, त्याने हेच अंतर ७ फेब्रुवारी १९९६ ला २ तास ५३ मिनिटांच्या आत कापलं होतं.

लोक म्हणतात जाताना वारा विरोधात, येताना पाठीशी, फिट्टंफाट. नाही हो. ५,५५० किमी, विमानाचा वेग ९००, वारा १००. पाठीशी असताना हजारच्या वेगाने ५ तास ३३ मिनिटं, समोरून असताना आठशेने ६ तास ५६. मिळून १२ तास २९ मिनिटं. वारा नसताच तर १२ तास २० झाले असते. नऊ मिनिटं गेली कुठे? समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून तो जास्त वेळ छळतो. गेलेलं सगळं परत मिळत नाही.

आणि आता माझं लाडकं उदाहरण. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडियाचं हे फ्लाइट आधी युरोपवरून, अटलांटिकवरून जायचं, जवळपास १४,००० किमी. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर हजारेक किलोमीटरहून जास्त वाढलं, १५,००० च्या पुढे गेलं. आणि वेळ? दोनेक तासांनी कमी झाली, साडेचौदा तासांच्या आसपास आली. कारण पूर्वेकडे जाताना सगळा वारा पाठीशी. लांबचा रस्ता लवकरचा! साइटवर जाऊन दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को टाका, ती ग्रेट सर्कल अंतर काढून साडेआठशेने भागून तुम्हाला एक आकडा देईल, आणि तो आकडा या दोन्ही रस्त्यांपैकी एकाचाही नसेल.

यावर एक शंका दर वेळी येते की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसतं वर उडून थांबलं तर खालून पश्चिमेकडचं गाव आपोआप येणार नाही का. आतेभावालाही आली होती. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे नाही. चालत्या गाडीत उडी मारली तर तुम्ही मागच्या सीटवर पडत नाही, तसंच.

घड्याळाचा गोंधळ याहून वेगळा. त्या लंडन-सॅन फ्रान्सिस्को ट्रिपला आत्याने तिकीट बघून मैत्रिणींना सांगितलं होतं की तीनच तासांचं आहे. कारण तिकिटावर निघायची वेळ दुपारी दोन, पोचायची वेळ संध्याकाळी पाच, तारीख तीच. मध्ये आठ तासांचा टाइम झोन आहे हे तिला कळलं विमानात बसल्यावर, तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच घड्याळ फिरवलं. दोन्ही वेळा स्थानिक असतात, वजाबाकी करायच्या आधी एकाच घड्याळात आणाव्या लागतात. टोकियोहून संध्याकाळी निघून लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी पोचता येतं, निघायच्या आधी पोचलेले, तारीखरेषेची कृपा.

आणि त्या अख्ख्या प्रवासात सूर्य मावळलाच नाही. उन्हाळा होता, खिडकीत एकाच जागी टांगल्यासारखा. हे पण उगाच नाही, विषुववृत्तावर पृथ्वीचा फिरायचा वेग तासाला १,६७० किमी, पण ६० अंशांवर तो निम्मा, ८३५. विमानाचा वेग जवळपास तेवढाच. म्हणजे तेवढ्या उत्तरेला पश्चिमेकडे जाताना विमान आणि सूर्य जोडीने चालतात. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणे, तरीच माझा डोळा लागत नाहीये. आणि मग मलाही लागू दिला नाही.

टोकाची दोन उदाहरणं राहिली. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं फ्लाइट, २.७ किमी, ठरलेली वेळ दोन मिनिटं, वारा बरा असला तर मिनिटाच्या आतही झालंय. मोठ्या एअरपोर्टांवर यापेक्षा जास्त लांबीचे रनवे आहेत. दुसरं टोक सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३०० च्या वर किलोमीटर, साडेअठरा-एकोणीस तास. पृथ्वीवर कुठल्याही दोन जागांमधलं जास्तीत जास्त अंतर वीस हजार किलोमीटर, त्यामुळे आता फार काही उरलेलं नाही.

आतेभावाला काय सांगितलं ते विचाराल तर, अंतर कुठल्याही साइटवरून घे, वेळ तिकिटावरची घे, आणि खरी वेळ बघायची असली तर फ्लाइट ट्रॅकरवर तेच फ्लाइट गेल्या आठवड्याभरात रोज किती वेळात गेलं ते बघ. त्यावर आत्याचा व्हॉइस मेसेज आला, ती फोन हातात घेऊन शेजारीच बसली असणार. म्हणाली, "ते सात तास म्हणतेस ते चाकं हलल्यापासून, का वर उडाल्यापासून, का मी घरातून कुलूप लावल्यापासून?"